सामाजिक आशयाचं रेगे आज का ऐकावं, का वाजवावं?

प्रश्न एका तरुण गिटारवादकाचा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : 'रेगे म्हणजे आता बॉब मार्लेचा टी-शर्ट आणि समुद्रकिनाऱ्यावरचं कॅफे एवढंच उरलंय. अन्याय, गुलामगिरी, बंड ही सत्तरच्या दशकातली भाषा जुनी झाली. मग हे संगीत आज गांभीर्याने का घ्यायचं? आणि घ्यायचंच, तर सुरुवात कुठून करायची?'

मी बास गिटार वाजवतो आणि शिकवतो. रेगेमध्ये बास हेच मुख्य वाद्य, त्यामुळे उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. पण आधी माझं मत सांगून टाकतो. हे संगीत 'सगळ्यांवर प्रेम करा' या संदेशावर टिकलेलं नाही. तो संदेश हजार गाण्यांत आहे. सामाजिक रेगे टिकलं ते दोन कारणांनी. एक म्हणजे ते नाव घेऊन बोलतं : कायद्याचं नाव, वस्तीचं नाव, मेलेल्या माणसाचं नाव. आणि दुसरं, त्याची घडणच अशी आहे की जुन्या पायावर नवा माणूस आपले शब्द मांडू शकतो.

आधी घडण बघू. चार मात्रांचं आवर्तन धर. रॉकमध्ये बास ड्रम पहिल्या मात्रेवर ठामपणे पडतो. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात ड्रमर पहिली मात्रा चक्क सोडून देतो. बास ड्रम आणि स्नेअरच्या कडेवर आडवी मारलेली काठी, दोन्ही तिसऱ्या मात्रेवर एकदम पडतात. गिटार दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तुटक कॉर्ड मारून लगेच दाबून टाकते, ऑर्गन त्याच्या मधल्या फटी भरतो. आपल्या कानाला समेवर येऊन सुटका मिळण्याची सवय असते, आणि इथे समच मोकळी! मार्लेंच्या वेलर्स या बँडमधले कार्लटन बॅरेट (ड्रम्स) आणि त्यांचे भाऊ ॲस्टन बॅरेट (बास) ही यातली सर्वोत्तम जोडी. ॲस्टन २०२४ मध्ये गेले. त्यांच्या बासच्या ओळी वेगळ्या काढून गुणगुणता येतात, इतक्या त्या सुरेल आहेत. आणि तरी त्या अर्धा वेळ गप्प असतात.

या मोकळ्या जागेचा परिणाम शब्दांवर होतो. गायकाला ओरडावं लागत नाही. शांत आवाजात, बोलल्यासारखं, अतिशय कठोर काहीतरी म्हणता येतं आणि त्यातला प्रत्येक शब्द ऐकू येतो. विद्यार्थ्यांना मी हे आधी हाताने करायला लावतो : पहिल्या मात्रेवर काहीही वाजवायचं नाही, फक्त पायाने मोजायचं. जे नुसते नोट्स पाठ करतात त्यांना हे फार जड जातं.

दुसरी गोष्ट रिडिमची. जमैकात गाण्याच्या वाद्यांच्या पायाला, म्हणजे बास आणि ड्रम्सच्या रचनेला, रिडिम म्हणतात आणि त्याला स्वतंत्र नाव असतं. एकच रिडिम घेऊन दहा गायक दहा वेगळी गाणी करतात. सत्तरच्या दशकात रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गायकाचा आवाज काढून टाकलेलं 'व्हर्जन' असायचं. साउंड सिस्टिमवाले, म्हणजे ट्रकवर मोठाले स्पीकर लादून रस्त्यावर नाच लावणारे, ते वाजवायचे आणि त्यावर माइक धरून यू-रॉयसारखा माणूस त्या आठवड्यात जे घडलं असेल ते बोलायचा. जमैकाची राजधानी किंग्स्टन, तिथल्या वॉटरहाउस वस्तीतले किंग टबी मुळात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारे. त्यांनी मिक्सिंगच्या टेबलावरच वाद्यं आत-बाहेर करून त्यातून 'डब' हा नवा प्रकार उभा केला. आपल्याकडे जलशात ओळखीच्या चालीवर नवे शब्द बांधून बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला, तीच युक्ती इथे आहे : चाल आधीच लोकांच्या अंगात भिनलेली असते, त्यामुळे सगळं लक्ष शब्दांकडे जातं.

एक उदाहरण जवळून बघ. १९८४ मध्ये इनी कमोझी यांनी स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपिअर यांच्या साथीने एक गाणं केलं. त्यात रस्त्यावर होणाऱ्या खुनांबद्दल एक ओळ होती. २१ वर्षांनी, २००५ मध्ये, बॉब मार्लेंचा धाकटा मुलगा डेमियन याने तोच रिडिम उचलला, कमोझींच्या आवाजातली ती ओळ तशीच ठेवली आणि त्याभोवती 'वेलकम टू जमरॉक' रचलं. त्यात तो म्हणतो की काही जण पर्यटकासारखे येतात, किनाऱ्यावर बसतात आणि खरा जमैका त्यांना ठाऊकच नसतो. मग तो किनाऱ्यापलीकडे नेतो. राजकीय हिंसा, बंदुका, त्या उचलणारी पोरं. वडिलांचं नाव आणि चेहरा जी 'बेटावरची मजा' विकायला वापरला गेला, तिच्यावरच मुलाने बोट ठेवलं. टी-शर्टबद्दलच्या तुझ्या तक्रारीचं उत्तर रेगेने स्वतःच वीस वर्षांपूर्वी दिलेलं आहे.

आणि ते उत्तर हवेतलं नव्हतं. मे २०१० मध्ये किंग्स्टनच्या टिव्होली गार्डन्समध्ये क्रिस्टोफर कोक या टोळीप्रमुखाला पकडायला लष्कर आणि पोलीस घुसले, त्यात ७० हून अधिक लोक मेले. ही टिव्होली गार्डन्स वस्ती कुठे उभी आहे? 'बॅक-ओ-वॉल' नावाच्या झोपडपट्टीच्या जागेवर. तिथे बरेच रास्ताफारी, म्हणजे जटा राखणाऱ्या आणि आफ्रिकेला मायभूमी मानणाऱ्या जमैकन पंथाचे लोक, राहायचे. १९६६ मध्ये ती बुलडोझरने सपाट केली आणि नवी घरं एका पक्षाच्या समर्थकांना मिळाली. वस्त्या पक्षनिहाय वाटल्या गेल्या, वस्त्यांना बंदुका मिळाल्या. सत्तरच्या दशकातल्या गाण्यांत पश्चिम किंग्स्टनच्या हिंसेचं जे वर्णन आहे, ते या इतिहासाचं आहे.

रास्ताफारींचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाऊ. जमैका ६ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झाला. वर्षही झालं नव्हतं, तोच एप्रिल १९६३ मध्ये कोरल गार्डन्स या ठिकाणच्या एका हिंसक प्रकारानंतर सरकारने रास्ताफारींची सरसकट धरपकड केली. त्यांना मारलं, त्यांच्या जटा कापल्या. स्वतंत्र देशातलं, जमैकन माणसांचंच सरकार होतं ते. त्याबद्दल पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०१७ मध्ये. रेगेत जुलमी सत्तेला 'बॅबिलॉन' म्हणतात. हा बॅबिलॉन म्हणजे फक्त गोरा मालक असं समजू नकोस. स्वतःचं सरकार, स्वतःचे पोलीस, स्वतःच्या माणसाला हीन ठरवणारी स्वतःची शाळा, हे सगळं त्यात येतं.

(गांजाबद्दल एवढंच सांगतो. १८४५ पासून सुमारे ३६ हजार भारतीय गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, जमैकात नेले गेले, बहुतेक उत्तर भारतातले, आणि गांजा हा शब्द तिथे त्यांच्याबरोबर गेला. रास्ताफारींसाठी तो उपासनेचा भाग आहे आणि त्यापायी त्यांनी दशकानुदशकं तुरुंग भोगला. जमैकाने कायदा सैल केला २०१५ मध्ये. पोस्टरवर धुराचे लोट काढणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नसतं.)

आता राजकारण. रेगेचा राजकारण्यांनी वापर केला नाही असं नाही, भरपूर केला. १९७२ च्या निवडणुकीत मायकल मॅन्ली यांच्या पक्षाने डेलरॉय विल्सनचं 'आता चांगले दिवस यायलाच हवेत' अशा आशयाचं गाणं प्रचाराला लावलं. मॅक्स रोमिओचं गाणंही त्याच प्रचारात होतं. मॅन्ली जिंकले, पंतप्रधान झाले. लोक त्यांना बायबलमधला जोशुआ म्हणायचे, आपल्या लोकांना वचनाच्या भूमीत नेणारा. पुढे त्याच मॅक्स रोमिओने 'नो जोशुआ नो' हे गाणं केलं आणि गरिबाला दिलेल्या वचनाचं काय झालं ते नाव घेऊन विचारलं. मला सामाजिक रेगेमधला हा क्षण फार मोलाचा वाटतो. ज्याच्यासाठी गायलो, त्यालाच जाब विचारायचा. प्रचाराचं गाणं निवडणुकीबरोबर संपतं. जाब विचारणारं गाणं पुढच्या प्रत्येक सरकारला लागू पडतं.

दोन पक्षांच्या टोळ्यांमधल्या समेटासाठी झालेली २२ एप्रिल १९७८ ची किंग्स्टनमधली 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट' तू फोटोत पाहिली असशील : मार्ले मध्ये उभे, एका हातात मॅन्लींचा हात, दुसऱ्यात विरोधी नेते एडवर्ड सीगा यांचा, तिन्ही हात डोक्यावर. हा फोटो सगळीकडे आहे. त्याआधी दीड वर्ष, ३ डिसेंबर १९७६ ला, मार्लेंवर त्यांच्याच घरात गोळीबार झाला होता आणि दोन दिवसांनी ते जखमी अवस्थेत मंचावर उभे राहिले होते. त्यामुळे त्या हात उंचावण्यामागचं धैर्य मी कमी लेखत नाही. पण त्याच रात्री, मार्लेंच्या आधी, वेलर्समधले त्यांचे जुने सहकारी पीटर टॉश गायले. गाण्यांच्या मधे ते थेट समोर बसलेल्या दोन्ही नेत्यांना उद्देशून बोलले : शांतता हवी म्हणता, पण गरिबाला पोलीस रोज मारतात त्याचं काय? न्याय आणि समान हक्क नसताना शांतता कसली? 'मला शांती नको, समान हक्क हवेत' या अर्थाचं त्यांचं गाणं आदल्याच वर्षी आलं होतं. काही महिन्यांतच पोलिसांनी टॉशना पकडून बेदम मारलं.

पुढे काय झालं? शांतता टिकली नाही. तो समेट घडवून आणणाऱ्या दोन टोळीनायकांपैकी क्लॉडी मॅसप पुढच्याच वर्षी पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, बकी मार्शल १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मारला गेला. १९८० ची निवडणूक जमैकाच्या इतिहासातली सगळ्यात रक्तरंजित ठरली, त्या वर्षी सुमारे ८०० माणसं गेली. म्हणून 'संगीताने जग बदलतं' वगैरे मी म्हणणार नाही. ४५ हून अधिक वर्षांनी त्या रात्रीकडे पाहताना फोटोपेक्षा टॉशचा प्रश्न खरा ठरलेला दिसतो, एवढं मात्र नक्की म्हणेन. गाणं मत देत नाही आणि बंदूकही हिसकावून घेत नाही. पण शांततेच्या नावाखाली न्यायाचा विषय गुंडाळला जात असेल, तर ते तिथल्या तिथे सांगतं, आणि ते सांगणं रेकॉर्डवर राहतं.

इंग्लंडकडे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण नाव घेऊन बोलणं म्हणजे काय हे तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं आणि तिथे आपल्या माणसांचाही धागा आहे.

लिंटन क्वेसी जॉन्सन हे जमैकात जन्मलेले, लहानपणी लंडनच्या ब्रिक्स्टनला आलेले, रेगेच्या साथीवर कविता म्हणणारे कवी. शाळेत असतानाच ते काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्रिटिश ब्लॅक पँथर्समध्ये गेले. पुढे 'रेस टुडे' या नियतकालिकाभोवतीच्या गटात ते काम करू लागले. त्या दोन्ही ठिकाणी त्यांच्याबरोबर होते पुण्यात जन्मलेले आणि वाढलेले लेखक फारुख धोंडी. ब्रिटिश पँथर्सप्रमाणेच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सकडून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिच्यातही आघाडीवर कवीच होते : नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले. दोन्हीकडच्या कवितेने प्रमाण भाषेची परवानगी मागितली नाही, वस्तीत बोलतात तशीच ती बोलली. ढसाळ वाचलेल्या माणसाला जॉन्सन परके वाटणार नाहीत.

जॉन्सन यांचं 'सनीज लेटा' (१९७९) हे एक पत्र आहे. तुरुंगातून मुलगा आईला लिहितो. तो आणि धाकटा भाऊ जिम बसची वाट बघत उभे असतात. पोलिसांची गाडी थांबते, तीन पोलीस उतरतात आणि जिमला धरतात. जिम म्हणतो मी काही केलं नाही. ते त्याला मारू लागतात. आईला वचन दिलेलं असतं धाकट्याला सांभाळीन म्हणून, त्यामुळे हा मध्ये पडतो, एक पोलीस पडतो आणि मरतो. जिमवर 'सस'चा आरोप, याच्यावर खुनाचा. हा 'सस' म्हणजे १८२४ च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्यातलं एक कलम. नुसत्या संशयावरून कुणालाही पकडायची मुभा त्याने पोलिसांना दिली होती, आणि सत्तरच्या दशकात तो काळ्या तरुणांवर सर्रास वापरला जात होता. दीडशे वर्षं जुन्या कायद्याचं कलम एका आईला लिहिलेल्या पत्रात असं बसलंय की ते ऐकताना मान खाली जाते. कलम १९८१ मध्ये रद्द झालं. त्यासाठी पालक, वकील, कार्यकर्ते रस्त्यावर होते, गाणं त्यांच्या सोबत होतं. आणि तरी अडवून झडती घेण्याचा प्रश्न ब्रिटनमध्ये आजही मिटलेला नाही, त्यामुळे ते पत्र जुनं होत नाही.

याचं संगीत डेनिस बोव्हेल यांचं. स्वतः साउंड सिस्टिम चालवणारे बोव्हेल १९७४ मध्ये एका क्लबवरच्या पोलीस छाप्यानंतर तुरुंगात गेले होते आणि अपिलात सुटले. बास वाजवणाऱ्याने तो ट्रॅक नीट ऐकावा. आवाज एकदाही चढत नाही. मारामारीचं वर्णन येतं तेव्हा वाद्यं थबकतात आणि प्रत्येक लाथेगणिक ठोका पडतो.

दुसरी तारीख २३ एप्रिल १९७९, जागा साउथॉल. पश्चिम लंडनची ही पंजाबी वस्ती. तिच्या टाउन हॉलमध्ये नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाची सभा ठेवली गेली, वस्ती विरोधात रस्त्यावर आली. न्यूझीलंडहून आलेले शिक्षक ब्लेअर पीच डोक्यावरच्या घावाने मेले. त्याच दिवशी पोलिसांनी साउथॉलमधल्या 'मिस्टी इन रूट्स' या रेगे बँडचं केंद्र फोडलं, त्यांचे व्यवस्थापक क्लेरन्स बेकर गंभीर जखमी झाले. जॉन्सन यांनी पुढच्याच वर्षी पीचवर गाणं केलं आणि मारेकरी पोलिसांच्या विशेष पथकाचेच आहेत असं स्पष्ट म्हटलं. लंडन पोलिसांचा स्वतःचा अंतर्गत अहवाल बाहेर आला २०१० मध्ये. त्यात पीचचा मृत्यू बहुधा पोलीस अधिकाऱ्याच्याच हातून झाला असं नमूद होतं. गाण्यानंतर तीस वर्षांनी! कॅरिबियन, पंजाबी आणि एक गोरा शिक्षक, तिघांची लढाई एकाच ठेक्यावर नोंदली गेली. आपल्याकडून परदेशात स्थायिक झालेल्या घरांतल्या मुलांना हा इतिहास कुणी सांगत नाही, याची मला खंत आहे.

आफ्रिकेबद्दल थोडक्यात सांगतो, खरं तर तो स्वतंत्र उत्तराचा विषय आहे. १८ एप्रिल १९८० ला झिम्बाब्वे स्वतंत्र झाला त्या रात्री मार्ले तिथे गायले. बाहेर आत येऊ पाहणाऱ्या गर्दीवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो मंचापर्यंत आला. त्यांच्या 'झिम्बाब्वे' गाण्यातच इशारा होता की आपसातला सत्तेचा झगडा पुरे, खरा क्रांतिकारक कोण ते लवकरच कळेल. मुगाबेंच्या ३७ वर्षांच्या राजवटीनंतर ती ओळ काय वजनाची होती ते कळतं. दक्षिण आफ्रिकेत लकी डुबेने वर्णभेदाच्या काळात रेगे गायलं, तुरुंग, गुन्हेगारी, दारू यांवर गाणी केली आणि वर्णभेद संपल्यावरही तो गात राहिला. २००७ मध्ये गाडी पळवणाऱ्यांनी त्याला जोहान्सबर्गमध्ये ठार केलं. आयव्हरी कोस्टचा टिकेन जाह फाकोली फ्रेंच आणि जुला या पश्चिम आफ्रिकी भाषेत गातो. त्याला देश सोडून मालीत राहावं लागलं, आणि २००७ मध्ये सेनेगलच्या अध्यक्षांवर टीका केली म्हणून त्या देशाने त्याला प्रवेशबंदी केली. ज्याचा काळ संपला आहे अशा संगीताला कुणी देशाबाहेर काढत नाही.

आता ज्यावर रेगेवाले बोलायचं टाळतात ते. सामाजिक रेगेमध्ये पुरुषांनी बायकांना उपदेश करणारी गाणी पुष्कळ आहेत, आणि समलिंगी माणसांबद्दल जमैकातल्या काही गायकांनी जे गायलं ते सरळसरळ हिंसक आहे. न्यायाची भाषा करणाऱ्या परंपरेवरचा हा डाग आहे आणि 'तिथली संस्कृतीच तशी' म्हणून तो झाकू नये. बायकांनी या परंपरेत जागा भांडून मिळवली. ज्युडी मोवॅट यांचा १९७९ चा 'ब्लॅक वूमन' अल्बम गुलामगिरीचा इतिहास बाईच्या बाजूने मांडतो. क्वीन इफ्रिकाने घरातल्या लैंगिक अत्याचारावर, बापाकडून होणाऱ्या, मुलीच्या आवाजात गाणं केलं. जिथे हा विषय काढत नाहीत अशा समाजात ते रेडिओवर वाजलं. सिस्टर नॅन्सीचं १९८२ चं 'बॅम बॅम' जगभर वाजत राहिलं, आणि तिला त्याचे पैसे मिळायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला. न्यायावर गाणाऱ्या धंद्यात वादकांना आणि गायकांना असं लुटलं गेलं, हेही त्या इतिहासात धर.

आजची मंडळी? क्रॉनिक्स, प्रोटोजे, कबाका पिरॅमिड. कॉफी ही मुलगी २०२० मध्ये विशीच्या आत रेगेचं ग्रॅमी मिळवून गेली. तिच्या गाण्यांत किंग्स्टनमधल्या बंदुकांचा उल्लेख येतो, पण ती रडगाणं गात नाही. युनेस्कोने २०१८ मध्ये रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलं. त्याचा मला आनंद आहे, पण वारसा म्हटलं की माणसं काचेच्या कपाटाचा विचार करतात, आणि हे संगीत कपाटात ठेवायचं नाही. जगभरच्या काळ्या लोकांच्या ऐक्याची चळवळ उभी करणारे जमैकाचे नेते मार्कस गार्वी, त्यांचंच बघ. मनाच्या गुलामगिरीतून स्वतःच मुक्त व्हा, ही मार्लेंच्या शेवटच्या काळातली प्रसिद्ध ओळ मूळची गार्वींच्या १९३७ च्या भाषणातली. गायक बर्निंग स्पिअर १९७५ पासून त्यांचं नाव घेत राहिले. गार्वींवरच्या अमेरिकेतल्या शंभर वर्षं जुन्या शिक्षेला राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली जानेवारी २०२५ मध्ये. पन्नास वर्षं गाणं म्हणत होतं, विसरू नका.

सुरुवात कुठून करायची ते सांगतो. मार्लेंच्या लोकप्रिय गाण्यांचे संग्रह आत्ता बाजूला ठेव. त्यांत धार असलेली गाणी कमी घेतलेली असतात. 'नॅटी ड्रेड' (१९७४) आणि 'सर्व्हायव्हल' (१९७९) हे अल्बम अखंड ऐक. मग टॉशचा 'ईक्वल राइट्स', बर्निंग स्पिअरचा 'मार्कस गार्वी', आणि जॉन्सन यांचा 'फोर्सेस ऑफ व्हिक्टरी' शब्द समोर ठेवून. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलंस तर अर्धं संगीत तुझ्यापर्यंत पोचणारच नाही, बास त्यातून येतच नाही. निदान बरे हेडफोन घे. गोव्यातल्या सनस्प्लॅशसारखा रेगे महोत्सव कुठे होणार असेल, तर तिथे खऱ्या साउंड सिस्टिमसमोर उभा राहा.

वाजवायला 'रिअल रॉक' घे. किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्ये साठच्या दशकात झालेला हा रिडिम. याच पायावर विली विल्यम्सने रात्री उपाशी झोपणाऱ्यांवर गाणं केलं, आणि ते लंडनच्या 'द क्लॅश' या पंक बँडने १९७९ मध्ये गायलं. बासची ओळ एका संध्याकाळी येईल. ती दहा मिनिटं न थांबता, वेग न वाढवता, एकही नोट जास्त न घालता वाजवता आली, की तुझ्या शहरातल्या एखाद्या बातमीवर चार ओळी मराठीत लिही आणि त्यावर म्हणून बघ. मार्लेंचे शब्द पुन्हा म्हणू नकोस. नाव, जागा, तारीख त्यात असू दे.